घरच्या सरावासाठी छोटा गिटार अ‍ॅम्प: चिप राहू दे, तिची दोन्ही टोकं बदल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा हडपसरला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली, हंबकर (दोन कॉइलच्या) पिकअपची. एलएम ३८६ या छोट्या अ‍ॅम्प चिपचं सर्किट ब्रेडबोर्डवर जुळवलं, खेळण्यातला दोन इंची स्पीकर लावला. आवाज येतो, पण घोंगडीखालून आल्यासारखा. व्हॉल्यूम निम्म्यापुढे नेला की शिट्टी वाजते. मध्येच आकाशवाणी ऐकू येते. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी दोन दिवसांत बसते. तर आता ही चिप काढून टीडीए २०३० ही जास्त वॉटची चिप लावू का?

नको लावूस. लावलीस तरी घोंगडी, शिट्टी आणि आकाशवाणी तिथेच राहतील, फक्त मोठ्याने ऐकू येतील. मी गेली सव्वीस वर्षं अ‍ॅम्प आणि मिक्सर दुरुस्त करतोय, आणि छोट्या अ‍ॅम्पच्या बाबतीत माझं मत पक्कं झालंय. मधली चिप ही त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची वस्तू. गिटार जिथे आत शिरते ते टोक आणि आवाज जिथून बाहेर पडतो ते टोक, ही दोन नीट केलीस तर तीच वीस रुपयांची ३८६ खोली भरून वाजेल.

आधी आतलं टोक, कारण घोंगडी तिथे आहे.

तू पाठवलेल्या वर्णनात गिटारचा जॅक थेट दहा केच्या (किलोओहमच्या) व्हॉल्यूम पॉटला आणि तिथून चिपच्या तीन नंबरच्या पिनला गेलाय. कागदावर यात चूक दिसत नाही. पण ३८६ चा इनपुट पन्नास किलोओहमचा, त्याला समांतर तुझा दहा के. म्हणजे गिटारला समोर दिसतात जेमतेम सव्वाआठ के. आता पिकअप म्हणजे काय, तर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मल्टिमीटर लावलास तर हंबकर आठ केच्या आसपास दाखवेल. पण मीटर अर्धंच सांगतो. त्या वेढ्यांचा इंडक्टन्स चारेक हेन्री असतो, आणि पाच किलोहर्ट्झला तोच पिकअप सव्वाशे किलोओहमचा अडथळा होऊन बसतो. विहिरीचा झरा बारीक आणि तू लावलास पाच हॉर्सपॉवरचा पंप. पाणी येणार कुठून?

हिशेब करून बघ. पिकअपचे आठ के, समोरचे सव्वाआठ के, इंडक्टन्स चार हेन्री. उतार सुरू होतो साधारण साडेसहाशे हर्ट्झला. गिटारच्या सगळ्यात बारीक तारेवर बाराव्या पडद्याचा सूर ६५९ हर्ट्झ. म्हणजे तिथून वरचा सगळा माल, तारेवर पिक आपटल्याचा टणत्कार, सुराची चमक, सगळं वाटेतच सांडतंय. शिवाय उरलेला सिग्नलही निम्माच पोचतोय. घोंगडी म्हणतोस ती हीच.

उपाय म्हणजे चिपच्या आधी एक बफर. सिग्नल वाढवायचा नाही, फक्त गिटारवरचा भार स्वतःवर घ्यायचा. गिटारला समोर एक मेगओहम दिसला पाहिजे. ‘रूबी’ नावाचं जे ३८६ चं सर्किट सगळीकडे फिरतं, त्यात यासाठी एमपीएफ १०२ हा फेट (एका जातीचा ट्रान्झिस्टर) असतो. सुंदर काम करतो, पण आता खरा एमपीएफ १०२ मिळेलच असं नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मला त्या नावाने दोनदा भलतंच काहीतरी मिळालंय. कॉलेजच्या लॅबमधला धातूच्या टोपीचा बीएफडब्ल्यू ११ चालतो, पण त्याच्या पायांचा क्रम नीट बघून घ्यावा लागतो. त्यापेक्षा टीएल ०७२ ही ऑप-अँप चिप घे. कुठल्याही दुकानात असते आणि पहिल्या फटक्यात चालते.

जोडणी सांगतो, वहीत काढत जा. आठ नंबरला प्लस, चार नंबरला ग्राउंड. प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये दोन दहा केचे रेझिस्टर एकामागे एक लाव. त्यांच्या मधल्या सांध्यावर निम्मा व्होल्टेज मिळेल. त्या सांध्यापासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. याला आपण ‘मध्य’ म्हणू. गिटारच्या जॅककडून दहा केचा रेझिस्टर, मग २२ नॅनोफॅरडचा कंडेन्सर, मग पिन तीन. पिन तीनपासून एक मेगचा रेझिस्टर ‘मध्या’ला. पिन दोन आणि एक एकमेकींना जोड. झाला बफर, आउटपुट पिन एकवर. चिपचा दुसरा भाग सध्या लागत नाही, पण तो लोंबकळत ठेवायचा नसतो. सहा-सात जोड आणि पाच नंबर ‘मध्या’ला दे.

त्या दहा केच्या रेझिस्टरच्या पुढे, म्हणजे २२ नॅनोच्या तोंडाशी, शंभर पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक कंडेन्सर ग्राउंडला लाव. तुझ्या आकाशवाणीचा बंदोबस्त तिथे होतो. तू राहतोस तिथे सोलापूर रोडवर बसस्टॉपचं नावसुद्धा ‘आकाशवाणी’ आहे, मग दुसरं काय होणार! पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ मीडियम वेव्हवर. तुझ्या ब्रेडबोर्डवरच्या वीतभर उघड्या वायरी हा त्याचा एरियल आणि चिपच्या तोंडाचा ट्रान्झिस्टर हा त्याचा डिटेक्टर. दहा के आणि शंभर पिको मिळून साधारण १६० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं दाबून टाकतात, गिटारला धक्का न लावता. हे दोन पार्ट जॅकच्या पायांवरच सोल्डर कर. बोर्डवर नेलेस तर मधली वायर पुन्हा एरियल होईल.

बफरच्या पिन एकपासून ०.१ मायक्रोफॅरड, मग व्हॉल्यूमचा दहा के पॉट, पॉटच्या मधल्या पायावरून ३८६ ची पिन तीन. पॉट लॉग माग, लिनियर घेतलास तर सगळा आवाज पहिल्या पाव फेऱ्यातच येऊन जातो. इथे ०.१ मुद्दाम सांगितलाय. पुस्तकी माणूस एक मायक्रोफॅरड लावेल, म्हणजे सगळा खर्ज पुढे पोचेल. पण छोट्या स्पीकरला खर्ज झेपत नाही. तो नुसता फडफडतो आणि त्या फडफडीत बाकीचा आवाज गढूळ होतो. ०.१ ने साधारण १९० हर्ट्झच्या खाली हलका उतार मिळतो. मोठा स्पीकर लावलास की हाच पार्ट एक मायक्रो कर.

३८६ बद्दल फार लिहीत नाही, तुझं बरोबरच आहे. दोन ग्राउंड, तीन इनपुट, चार ग्राउंड, सहा प्लस, पाच आउटपुट. पाच नंबरवर दहा ओहम आणि ४७ नॅनो एकामागे एक ग्राउंडला, आणि २२० मायक्रोफॅरडमधून स्पीकर. सात नंबरवरून दहा मायक्रोफॅरड ग्राउंडला, तो बहुतेक जण गाळतात आणि मग अ‍ॅडॉप्टर गुणगुणतो म्हणून तक्रार करतात. फक्त एक बदल कर. एक आणि आठ नंबरच्या मध्ये तू दहा मायक्रोफॅरड लावलायस, तो काढून टाक. त्याने गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, दोनशे होतो. नुसत्या मोकळ्या पिनांवर तो वीस असतो आणि हंबकरला वीस भरपूर झाला. तार जोरात छेडलीस की पिकअप अर्ध्या व्होल्टपर्यंत सहज जातो. त्याचे वीसपट दहा व्होल्ट, आणि तुझ्याकडे मुळात सप्लायच नऊचा. सिंगल कॉइल गिटार असती तर तोच कंडेन्सर १.२ के रेझिस्टरबरोबर लावून पन्नासचा गेन घे म्हटलं असतं.

आता शिट्टी. दोनशेचा गेन हे तिचं अर्धं कारण, उरलेलं अर्धं ग्राउंडमध्ये आहे. स्पीकरमधून मोठ्या आवाजाला तीनशे मिलिअँपचे झटके जातात आणि ते ग्राउंडच्या वाटेनेच परत येतात. ब्रेडबोर्डच्या पट्टीत, क्लिपांच्या सांध्यांत मिळून ०.०५ ओहम धर. तिथे पडले पंधरा मिलिव्होल्ट. तुला वाटेल काय मोठंसं? पण त्याच पट्टीवर तुझ्या इनपुटचा ग्राउंड बसलाय. चिपला ते पंधरा मिलिव्होल्ट गिटारच वाटतात. गुणिले दोनशे, तीन व्होल्ट. ते पुन्हा स्पीकरला, पुन्हा ग्राउंडला. साप आपलीच शेपटी गिळतोय.

म्हणून ब्रेडबोर्ड सोड. झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा सोल्डरिंगचा बोर्ड) घे, चिपांना बेस लाव (गरम डाखाने आयसी मारण्याचं वय तुझं आहे, पण बेस दोन रुपयांचा आहे), आणि ग्राउंड एका ठिकाणी आण. सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरचा मायनस पाय हे ते ठिकाण. स्पीकरची मायनस वायर स्वतंत्र तिथे. ३८६ चा ग्राउंड स्वतंत्र तिथे. बफर आणि जॅकचा ग्राउंड मिळून एक वायर, तीही तिथे. वाटेत कोणी कोणाला भेटायचं नाही. सप्लायवर ४७० मायक्रोफॅरड, आणि ३८६ च्या सहा नंबरला अगदी चिकटून ०.१ चा सिरॅमिक. बॅटरी उतरत आली की छोटे अ‍ॅम्प पुट-पुट-पुट करतात, होडीच्या इंजिनासारखे. तेही याच मोठ्या कंडेन्सरने थांबतं.

बॅटरीचं सांगतो. ती चौकोनी बॅटरी मल्टिमीटरसाठी ठीक आहे. स्वस्तातली असेल तर शंभर मिलिअँप ओढले की तिचा व्होल्टेज डोळ्यांदेखत खाली बसतो. ३८६ नुसती बसून असताना चारेक मिलिअँप खाते, पण जोरात वाजवताना सव्वाशेपर्यंत जाते. त्यापेक्षा रिचार्जेबल पेन्सिल सेल घे, आठ, होल्डरसकट. ९.६ व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज झाल्यावर अकराच्या थोडे वर, आणि साध्या ३८६ ची मर्यादा बारा आहे. २००० मिलिअँपअवरचे घेतलेस तर आठवडाभराचा सराव निघेल. आणि जॅक घेताना स्टिरिओ घे. दुकानात ‘पी-३८ स्टिरिओ सॉकेट’ माग, लगेच देतील. बॅटरीचा मायनस त्याच्या मधल्या पत्रीला जोड. गिटारची मोनो पिन आत गेली की ती पत्री ग्राउंडला टेकते आणि अ‍ॅम्प चालू होतो, काढली की बंद. रात्री विसरून झोपलास तरी चालेल, फक्त पिन काढून झोप.

अ‍ॅडॉप्टर वापरणार असशील तर आधी मीटरवर बघ. माझी पहिली ३८६ अशीच गेली. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर, वर स्पष्ट ‘१२ व्होल्ट’ लिहिलेलं. भार नसताना तो सतरा देत होता. चिपच्या पोटावर एक टिकली उडाली आणि खोलीत तो वास, जो एकदा घेतला की माणूस आयुष्यभर ओळखतो. आताचे हलके अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज नीट देतात, पण स्वस्तातले असतील तर वर बारीक किणकिण सोडतात. नऊ व्होल्टचा चांगला मिळाला तर घे.

पण काहीही झालं तरी २३० व्होल्ट त्या डब्यात आणायचे नाहीत. आणि जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा गिटार अ‍ॅम्प करायचा किडा डोक्यात आला तर तो झटकून टाक. त्यांतल्या काही रेडिओंना ट्रान्सफॉर्मरच नसायचा, चासी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेन्सला. आणि गिटारच्या तारा ब्रिजमधून वायरीने जॅकच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. म्हणजे तुझ्या बोटांखाली काय येईल याचा विचार कर.

आता बाहेरचं टोक, माझ्या दृष्टीने निम्मा अ‍ॅम्प.

लोक वॉट मोजतात, स्पीकर मोजत नाहीत. नऊ व्होल्टवर आठ ओहमला ३८६ साधारण अर्धा वॉट देते. ऐकायला हास्यास्पद. पण स्पीकर एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल देतो, त्यावर सगळं आहे. कागदी कोनाचा चांगला आठ इंची नव्वदच्या आसपास देतो. अर्ध्या वॉटला सत्त्याऐंशी. खोलीत तेवढ्याने आई दार लावून घेईल. तुझा खेळण्यातला दोन इंची त्याच्याहून दहाने कमी असेल, तर तेवढाच आवाज काढायला त्याला दहापट वॉट लागतील, आणि तेवढ्याने तो फाटेल. तू टीडीए २०३० लावून जे मिळवू बघतोयस, ते स्पीकर बदलून फुकट मिळतंय. जाड तारेचे खालचे सूर त्या दोन इंचीतून निघतच नाहीत ते वेगळंच. त्यांचे वरचे अंश ऐकून कान बाकीचं स्वतः भरून काढतो.

आठ इंची मिळाला तर उत्तम, साडेसहा इंची चालेल. आठ ओहमचा बघ. चार ओहमवर ३८६ तापते आणि आवाज लवकर फाटतो. जुन्या रेडिओतले, लाकडी कॅबिनेटच्या टीव्हीतले कागदी कोनाचे स्पीकर यासाठी फार गोड. जुन्या बाजारात रविवारी चक्कर मार, पण तपासून घे. खिशात दीड व्होल्टचा एक सेल ठेव. स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकव. टक्क असा आवाज आला आणि कोन हलला तर कॉइल जिवंत आहे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन मधोमध, सरळ, हलकेच आत दाब आणि कान लाव. खर्रर्र झालं तर कॉइल घासतेय, खाली ठेव. कडेला बारीक चीर असेल तर घाबरू नकोस. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून टिश्यू पेपरचा तुकडा चिकटवला की वर्षानुवर्षं टिकतो.

गाडीतले स्पीकर मात्र घेऊ नकोस. ते बहुधा चार ओहमचे, त्यांचे कोन जड, त्यांना वॉट लागतात. शिवाय मध्ये ट्वीटर असतो. गिटारच्या खऱ्या स्पीकरला पाच किलोहर्ट्झच्या वर फारसं काही येत नाही, आणि तेच त्याचं गुपित आहे. आवाज फाटायला लागला की वर जो किरकिराट तयार होतो तो कागदी कोन गिळतो. ट्वीटर तो जसाच्या तसा कानात ओततो. डबीत माश्या कोंडल्यासारखं वाटतं.

आणि स्पीकर उघडा टेबलावर ठेवून निर्णय देऊ नकोस. कोन पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची सैल होते. दोन्ही कडेवरून एकमेकींना भेटल्या की खर्ज संपला. ओळखायचं असेल तर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला भोक पाडून त्यावर स्पीकर धर. फरक ऐकून हसशील. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी हा प्रयोग मुद्दाम करायला लावतो, त्यानंतर चिपबद्दल कोणी विचारत नाही.

खोकं बारा एमएमच्या प्लायचं कर, बाहेरून तीस बाय तीस, खोली सोळा-अठरा सेंटीमीटर. सांध्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही. मागची बाजू पूर्ण बंद करू नकोस, वरचा-खालचा भाग बंद आणि मध्ये हाताच्या पंजाएवढी फट. आवाज मोकळा होतो आणि सेल बदलायला हात जातो. एखादी फळी सैल राहिली तर नेमक्या एका सुरावर ती झणझणेल आणि तू आठवडाभर सर्किटमध्ये दोष शोधत बसशील. मी बसलोय.

पहिल्यांदा चालू करताना घाई नको. बेसमध्ये चिपा न घालता, जॅकमध्ये गिटारची केबल खोचून सप्लाय दे. ३८६ च्या सहा नंबरला पूर्ण व्होल्टेज, ‘मध्या’वर निम्मा. मग बंद करून चिपा घाल, खाचेची दिशा बघून. प्लसच्या वायरीत मीटर मिलिअँपवर लाव. आठ-दहाच्या आसपास दाखवेल. पन्नास दाखवला तर लगेच काढ, काहीतरी उलटं आहे. मग ३८६ च्या पाच नंबरवर व्होल्टेज बघ, सप्लायच्या जवळपास निम्मा पाहिजे. तो नसेल तर स्पीकर जोडूच नकोस. सगळं ठीक असेल तर व्हॉल्यूम पाववर ठेव आणि त्या केबलच्या मोकळ्या पिनेच्या टोकाला बोट लाव. भुर्रर्र आला की अ‍ॅम्प तयार.

गिटार लावल्यावर थोडी घरघर राहील. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर तारांचं ग्राउंड शाबूत आहे. ट्यूबलाइट, फोनचा चार्जर, लॅपटॉप यांच्याकडे पाठ करून बस आणि जरा फिरून बघ, एका दिशेला ती सगळ्यात कमी होते.

महिनाभराने तुला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मुद्दाम फाटलेला आवाज, हवासा वाटेल, सगळ्यांना वाटतो. तेव्हा ०७२ चा रिकामा ठेवलेला भाग उघड. पाच नंबर ‘मध्या’वरून काढून थेट पिन एकला जोड. सहा-सातमधली वायर काढून तिथे शंभर केचा रेझिस्टर, आणि त्याला समांतर दोन १एन४१४८ डायोड, एकमेकांच्या उलट तोंडाने. सहा नंबरपासून ४.७ के आणि ४७ नॅनो एकामागे एक ग्राउंडला. व्हॉल्यूमकडे जाणारा ०.१ आता पिन सातवरून घे. स्वच्छ आवाज परत हवा असेल तर तो ०.१ एक आणि सात यांच्यात अदलाबदल करणाऱ्या छोट्या स्विचवर आण. स्विचच्या वायरी आखूड ठेव, नाहीतर शिट्टी परत येईल.